दहापैकी किती दुखतंय?

६ फेब्रुवारी

प्रिय वन्संबाई,
स. न. वि. वि.

म्हणजे सप्रेम नमस्कार, विनंती आणि पुढे जे काही विशेष असतं ते सगळं. तू माझ्यापेक्षा चांगली दहा वर्षांनी लहान, पण नवऱ्याची बहीण ती वन्सं आणि वन्संना मान हा दिलाच पाहिजे. तो दिला. आता नेहमीसारखं बोलते.

फोन असताना ही बाई पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. अगं, फोन वाजला की तुझा दादा झडप घालून उचलतो आणि माझी तब्येत तोच सांगतो. मी शेजारी बसून ऐकते. काल त्याने तुला सांगितलं की हिला रात्री छान झोप लागली. ही बातमी मलाही तेव्हाच कळली.

तर आता खुद्द पेशंटकडून. केमोच्या पहिल्या औषधाच्या फेऱ्या संपल्या. त्या औषधाने माझ्या पोटात काही म्हणून टिकू दिलं नाही, हे तू पाहिलंसच. आता दुसरं सुरू झालंय. याने मळमळत नाही, भूक लागते. मी तर खुशीत घरी आले आणि दोन दिवस खुशीतच होते. तिसऱ्या दिवशी सकाळी उठायला गेले तर अंग उठायला तयार नाही. पाठ, मांड्या, पिंढऱ्या, टाचा, सगळं मिळून ठणकायला लागलं. अख्खी शाळा माझ्या अंगावरून कवायत करत गेली आणि काहीतरी विसरलं म्हणून परत आली, असं समज. त्यात पांढऱ्या पेशी वाढवायचं एक इंजेक्शन असतं. ते घेतलं की छातीचं मधलं हाड आणि कंबर आतून ठोके देतात. मी पडल्या पडल्या मनात एक-दोन, एक-दोन म्हणते. व्यायामशिक्षिकेची खोड, दुसरं काय!

तुझा दादा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलाय, त्यामुळे दुखणं म्हणजे कुठेतरी काहीतरी घासतंय, अशी त्याची ठाम समजूत आहे. परवा तो माझ्या गुडघ्याला कान लावून बसला आणि मला पाय हळूहळू वर-खाली करायला लावला. कितवा मजला आला, असं मी विचारलं तर म्हणे गप्प बस, ऐकू दे.

डॉक्टरीणबाई दर वेळी विचारतात की शून्य ते दहामध्ये किती दुखतंय. मी दोन सांगते. इतकी वर्षं मैदानावर पडलेल्या मुलींना ऊठ, चोळ आणि पळ असं ओरडत आले. आता मीच गळा काढू की काय?

हे पत्र दादाला दाखवू नकोस. तसं त्यात काही नाही, पण तो पुन्हा कान लावायला येईल. तुझा लोभ मुरलेला आहे, तो तसाच ठेव.

तुझी
वहिनी

१५ फेब्रुवारी

ति. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

साष्टांग नमस्काराला पालथं पडावं लागतं. पण कारखान्यात सध्या सगळीकडे उलटे सोफे आहेत आणि मला पडायला जागा नाही. तेव्हा उभ्यानेच केला असं समजून आशीर्वाद दे.

एका निवृत्त न्यायाधीशांचा सोफा नवं कापड चढवायला आलाय. जुनं कापड उसवलं तर आतून चमचे निघाले, चष्मा निघाला आणि एक कवळी निघाली. साहेबांना फोन केला. चमचे आणि चष्मा त्यांनी मान्य केला. कवळी आपली नाही, आपल्या पत्नीची नाही आणि तिचा या प्रकरणाशी संबंध जोडू नये, असं त्यांनी सुनावलं. कवळी माझ्या टेबलावर आहे. सकाळी आल्या आल्या ती माझ्याकडे पाहून हसते.

आता तुझ्याकडे वळते. दहापैकी दोन? वहिनी, तू लग्न होऊन आमच्या घरी आलीस तेव्हा मी शाळेत होते आणि माझे गणिताचे मार्क आईपासून लपवायला मला तूच मदत केलीस. मार्क लपवणाऱ्या बाईचा चेहरा कसा दिसतो ते मला इथे बसूनही कळतं. ज्या बाईवरून अख्खी शाळा दोनदा गेली, ती दोन म्हणूच कशी शकते? अगं, त्या डॉक्टरीणबाई आहेत, ज्योतिषी नाहीत. तू दोन सांगितलंस की त्या कागदावर दोनच लिहिणार आणि दोनाचंच औषध देणार. मला तरी खरे मार्क कळव. मी कुणाची सही मागणार नाही.

पार्सलने पाठीला टेकायला एक तिकोनी उशी आणि गुडघ्यांखाली घ्यायला एक लोड पाठवतेय. लोडात कापूस मी स्वतः पिंजून भरलाय. रंगाबद्दल बोलायचं नाही. ज्या कापडाचा तुकडा उरला होता, तोच रंग आहे.

माझ्यावर राग आला तर येऊ दे, पण लोभाला धक्का लावू नकोस.

तुझी
नणंद (मार्क कमी, पण चालू)

२४ फेब्रुवारी

चि. बारकी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. कामाच्या रिपोर्टासारखं वाटलं तर चालवून घे. फोनवर बोललो असतो, पण ती घरात असते आणि तिला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं.

तुझ्या वहिनीचं या औषधाचं दुसरं सलाइन परवा झालं. मी विचारलं की सांगते ठीक आहे. डॉक्टर विचारतात, त्यांनाही सांगते ठीक आहे. मला ते ठीक दिसत नाही.

मागच्या आठवड्यात ती कोपऱ्यावर ब्रेड आणायला गेली. परत आली तेव्हा तिच्या एकाच पायात चप्पल होती. दुसऱ्या पायात काही नाही, हे तिला माहीतच नव्हतं. मी विचारल्यावर तिने खाली पाहिलं आणि सांगितलं की एक दुरुस्तीला टाकलीय. बारके, एक पायात ठेवून दुसरी दुरुस्तीला कोण टाकतं? मी खाली उतरलो. चप्पल जिन्याच्या वळणावर पडली होती. उचलून आणली आणि जागेवर ठेवली. तिने ती पाहिली आणि म्हणाली की चांभार फारच चपळ आहे. मी हो म्हणालो.

दुसरी गोष्ट. ती न्हाणीघरात नळ सोडून बसते. वापरत्या पाण्याचा आवाज वेगळा असतो आणि नुसत्या पडत्या पाण्याचा वेगळा. माझा कान त्यातला आहे. ती आत रडते.

लिफ्टमध्ये कुणी अडकलं तर आत घंटेचं बटण असतं. ते दाबलं की आम्हाला कळतं कुठे दार उघडायचं. ही बटण दाबत नाही. बाहेरून कुठलं दार उघडायचं ते मला समजत नाही.

तुला ती काही सांगत असेल तर मला सांगू नकोस, पण तिला काहीतरी लिही. मी लिहिलंय हे कळू देऊ नकोस.

जेवणखाण वेळेवर करावं. 

तुझा
दादा

२ मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पार्सल पोचलं. तिकोनी उशी उत्तम आहे. लोड तर इतका उत्तम आहे की आल्या दिवशीच तुझा दादा त्याच्यावर डोकं ठेवून झोपला आणि मला तो जागा करून परत घ्यावा लागला. रंगाबद्दल बोलायचं नाही म्हणालीस, म्हणून नाही बोलत. वरच्या मजल्यावरच्या काकू मात्र बोलल्या. त्यांनी दारातूनच विचारलं की हे अंगावर तर नाही ना येणार.

आता खरे मार्क. नऊ.

लिहायला सोपं गेलं, बघ. तोंडाने म्हणता आलं नसतं. मागच्या सलाइननंतर चार दिवस मी पडून होते असं दादा तुला सांगेल, पण पडणंही जमत नव्हतं. या कुशीवर वळले तर ती कंबर आणि त्या कुशीवर वळले तर ही. चादरीचा पायांना लागणारा स्पर्शसुद्धा नको वाटायचा. तळवे एकदा जळतात आणि एकदा मुके होतात. मुके झाले की खाली जमीन आहे की गादी, ते पाहून ठरवावं लागतं. बटणं लावता येत नाहीत. मी, जिने अख्ख्या वर्गाला गाठी मारायला शिकवलं, ती सकाळी ब्लाउजच्या तिसऱ्या बटणाशी हरून बसते. वरच्या काकूंनी त्यांच्या कंबरदुखीच्या गोळ्या दिल्या, त्या मी गपचूप घेतल्या. थोडा वेळ बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

डॉक्टरीणबाईंना का सांगत नाही, हे तू विचारणारच. मी स्वतःलाही विचारलं. एक तर भीती अशी, की दुखतंय म्हटलं तर त्या औषध कमी करतील आणि मग हा आजार परत येईल. दुसरी भीती त्याहून वाईट. हे दुखणं हाडांत आहे आणि हा आजार हाडांत जातो असं मी ऐकलंय. सांगितलं तर त्या तपासतील. तपासलं तर सापडेल. न सांगितलं तर निदान रात्रीपुरतं तरी ते नुसतं दुखणं असतं.

आणि आता जे लिहितेय ते वाचून ओरडू नकोस. मी ठरवलंय की पुढच्या फेऱ्यांना जायचं नाही. औषध कमी होईल म्हणून सांगायला घाबरणारी मीच औषधच नको म्हणतेय, यात काही मेळ नाही हे मलाही कळतं. पण वन्सं, दुखत असताना माणूस मेळ बघत नाही. मला फक्त हे थांबायला हवंय. दादाला यातलं काही माहीत नाही. त्याला मी त्या दिवशी सकाळी सांगेन. तोवर तू गप्प राहा, एवढं माझ्यासाठी कर.

न्यायाधीशांच्या कवळीचं काय झालं ते कळव. हसायला मला अजून येतं, फक्त हसल्यावर बरगड्या दुखतात.

जो काही लोभ आहे तो आता जरा घट्ट धर.

वहिनी

५ मार्च

ति. वहिनीस,
नमस्कार. बाकीची अक्षरं आल्यावर.

कारखाना चार दिवस कारागिरांवर सोपवलाय. सोमवारी सकाळी तुझ्या दारात आहे. पत्र आधी पोचलं तर उत्तम, मी आधी पोचले तर ते माझ्यासमोर वाच.

ओरडत नाही. पुढच्या फेऱ्यांना जायचं की नाही ते तूच ठरवायचं आहेस. शरीर तुझं आहे, दुखतं तुला. पण खोट्या मार्कांवर निकाल लावायचा नाही. डॉक्टरीणबाईंना एकदा नऊ म्हणून सांगू, त्या काय म्हणतात ते दोघी ऐकू आणि त्यानंतरही तू नको म्हणालीस तर मी तुझ्या बाजूने उभी राहीन. दादासमोरसुद्धा. हा माझा शब्द.

दादाला मी काही सांगणार नाही. सांगशील ती तूच. तो तुला वाटतो तेवढा आंधळा नाही, एवढंच म्हणते.

कवळी अजून बेवारस आहे. घेऊन येऊ का?

तुझी
नणंद

२० मार्च

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर फार नीटनेटकं झालंय, ते काही बरं वाटत नाही.

तू सगळं पाहिलंस, तरी मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचंय, कारण त्या दिवशी निम्मा वेळ मी रडत होते आणि निम्मा वेळ तू. डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं आणि माझ्या तोंडून पुन्हा दोनच आलं! तेव्हा तू टेबलाखालून मला जो चिमटा काढलास त्याचा वण अजून आहे. त्या चिमट्यालाच मी चार मार्क दिले असते. मग नऊ म्हणाले. बाई लिहिता लिहिता थांबल्या, पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढून घेतली. रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या की आता मला सुरुवातीपासून सांगा.

कापसाने आणि टाचणीने त्यांनी तळवे तपासले तेव्हा मी डोळे मिटून छातीठोक सांगत होते की अजून सुरुवात झाली नाही. आणि डोळे उघडले तर तुझा चेहरा उतरलेला. टाचणी केव्हाची लावून झाली होती. औषधाने नसा दुखावल्या आहेत, हे वेळेत कळलं तर मात्रा आणि वेळापत्रक दोन्ही बदलता येतं, त्याने उपचार अर्धवट राहत नाहीत, उशीर झाला तर मात्र नसा सहजी भरून येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. हाडांचं म्हणशील, तर त्या इंजेक्शनने हाडांच्या आत पेशी बनवायचं काम जोरात चालतं, म्हणून ते ठोके. तरी माझ्या मनातली भीती त्यांना कळली असावी. तपासून घेऊ आणि शंका मिटवू, असं म्हणाल्या. त्याचा रिपोर्ट काल आला. हाडं स्वच्छ आहेत, वन्सं. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू नुसती गप्प बसलीस आणि मागे कुणीतरी हातोडा मारत होतं. तो आवाज मला फार आवडला.

सगळ्यात जास्त बोलणी वरच्या काकूंच्या गोळ्यांवरून खाल्ली. त्या गोळ्यांनी ताप दबतो आणि केमोत ताप आलेला लगेच कळायला हवा, तो लपला तर जिवावर बेतू शकतं, असं बाईंनी दोनदा सांगितलं. काकूंना गोळ्या परत केल्या. त्या थोड्या नाराज आहेत.

तुझा दादा बाहेर बसला होता. मी बाहेर येऊन त्याला सगळं सांगितलं. नऊ सांगितले, न जाण्याचं ठरवलं होतं तेही सांगितलं. तो म्हणाला की चांभाराचा संशय त्याला पहिल्या दिवसापासून होता. तो हसला, मग त्याने तोंड फिरवलं. मी त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत आम्ही दवाखान्याच्या रांगेत हात धरून कधी बसलो नव्हतो.

बदललेल्या वेळापत्रकाचं पहिलं सलाइन झालं. मी गेले, हे तुला सांगायला नकोच. नसांसाठी गोळी सुरू आहे, ठणक्यासाठी वेगळं औषध आहे आणि ते ठणका सुरू व्हायच्या आत घ्यायचं असतं. मी आपली सहन होईनासं झालं की मग बघू, अशा हिशेबाने चालले होते. शिवाय फिजिओथेरपिस्ट म्हणून एक मुलगी भेटली. माझ्या निम्म्या वयाची असेल. ती मला पायाच्या बोटांनी जमिनीवरचा रुमाल उचलायला लावते. मी व्यायामशिक्षिका आहे हे तिला रुबाबात सांगितलं, तर म्हणाली, मग तर तुम्ही चुका फार आत्मविश्वासाने कराल. मला आवडली पोरगी.

आज पाच. खरे पाच. पाच म्हणजे काही मजा नाही, पण पाचात झोप लागते.

लोभाची विनंती करण्याइतकं काही उरलेलं नाही. तुझ्याकडे होता तेवढा सगळा खर्च करून गेलीस.

तुझी
वहिनी

१२ मे

ति. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

शेवटचं सलाइन झालं, जिन्यात सगळे जमले, वरच्या काकूंनी रुसवा सोडून केक आणला, ही सगळी खबर दादाकडून लागली. त्याने केकचं वर्णन वजनासकट केलं. मी इथे कारागिरांना अर्धा दिवस सुट्टी दिली. का, ते त्यांनी विचारलं नाही. सुट्टीचं कारण विचारू नये हे शहाण्या माणसाला कळतं.

मग तुझं पत्र का नाही? तीन आठवडे मी टपालवाल्याकडे अशी बघतेय की त्याने आता गल्लीच बदलली. फोनवर तू छान आहे म्हणतेस. तुझं ते छान मला आवडलेलं नाही. छान हा आकडा नाही, वहिनी.

माझा अंगठा हातोड्याखाली आलाय. आकडा विचारशील तर सहा, पण मी भोकाड सातचं पसरलं. आपण असं काही झाकून ठेवत नाही.

न्यायाधीशांचा सोफा गेला. कवळी त्यांनी शेवटपर्यंत नाकारली. पण सोफा घ्यायला त्यांच्या पत्नी आल्या होत्या, त्या जाताना टेबलापाशी जरा रेंगाळल्या. नंतर पाहिलं तर टेबल रिकामं. मी निकाल देत नाही.

दोन ओळी तरी लिही. लोभ इकडे ताजा आहे.

तुझी
नणंद

२० जून

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

पकडलंस. 

काय झालं, सांगते. केक कापला, सगळे म्हणाले सुटलीस एकदाची. मीही म्हणाले, सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर पाय तसेच. गुडघे गंजल्यासारखे. आता जी रोजची गोळी सुरू केली आहे तिच्याने सांधे धरतात, ते वेगळंच. पहिल्या चार पावलांना मी तुझ्या आईसारखी चालते, पुढे हळूहळू माझ्यासारखी. आणि हे कुणाला सांगणार? लोकांनी केक खाल्लाय! दुखतंय म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. अजून? असं विचारतात, जणू मी पाहुणा असून मुक्काम लांबवलाय. म्हणून छान म्हणायला लागले. जुनी खोड, नवा शब्द.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की औषध थांबलं म्हणजे नसांना त्याच दिवशी कळत नाही. काही महिने जातात, कधी जास्तही, आणि थोडं काही कायमचं राहूही शकतं. हे शेवटचं वाक्य त्या जरा जपून बोलल्या. पण खरं सांगू? मला त्यानेच धीर आला. मी वेडी नाही, मला खरंच दुखतंय आणि हे असंच असतं, एवढं कळणंसुद्धा औषधासारखं लागू पडतं.

तेव्हा आता माझी पद्धत ऐक. सकाळी एकदम उठत नाही. पलंगावरच घोटे फिरवते, बोटं मिटते, उघडते. पाणी कोमट आहे का ते कोपराने पाहते, पायाने नाही, कारण माझे पाय हल्ली थापा मारतात. घरातही बूट घालते. संध्याकाळी आम्ही दोघं बेकरीपर्यंत चालतो, तिथल्या बाकावर बसतो आणि परत येतो. बऱ्या दिवशी फार उड्या मारायच्या नाहीत, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. एकदा अंग हलकं वाटलं म्हणून मी घरातली सगळी कपाटं आवरली आणि पुढचे तीन दिवस कपाटासारखीच पडून होते.

शाळेत रुजू झाले. मुख्याध्यापिकांनी निम्मेच तास दिलेत. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाईंनी कशी आहेस विचारलं. मी निश्चय केला होता, म्हणून छान न म्हणता सांगितलं की तळवे जळताहेत आणि बोटांना मुंग्या येतात. खरं बोलण्याचा एक तोटा असतो, तो मला माहीत नव्हता. त्यांनी खुर्ची ओढली आणि मग त्यांची मान, त्यांचा खांदा, त्यांच्या नवऱ्याची पाठ आणि त्यांच्या सासूबाईंची टाच. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा आम्ही सासूबाईंच्या दुसऱ्या टाचेवर होतो.

मैदानावर मात्र शिट्टी फुंकली तेव्हा पोटातून बरं वाटलं. पळत नाही, पायरीवर बसून ओरडते. मुली म्हणतात, बाई बसून जास्त ओरडतात. 

आज तीन. मधल्या बुधवारी सात होते. कुठलाही दिवस आपला म्हणून गृहीत धरत नाही, पण आज तीन आहेत आणि मी त्यांचा पुरेपूर उपयोग करणार आहे. अंगठा जप. लोभ दुपटीने परत करतेय, मोजून घे.

तुझी
वहिनी

२३ ऑगस्ट

चि. बारकी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल घरात भांडण झालं. ते तुला कळवावं असं वाटलं.

तुला माहीतच आहे की ती आजारी पडल्यापासून या घरात कुणी कुणाला उलट बोललं नव्हतं. मी काही म्हटलं की ती बरं म्हणायची. ती काही म्हणाली की मी बरं म्हणायचो. ती एवढी बरं म्हणणारी बाई नाही, हे आपण दोघं जाणतो. मला रोज वाटायचं, आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे म्हणून राहतोय. बोलायची हिंमत नव्हती.

झालं असं, की उन्हाळ्यापासून मी घरात आधाराला लोखंडी दांडे बसवत होतो. आधी न्हाणीघरात, मग पलंगाजवळ, मग बाल्कनीच्या दारात. जुन्या लिफ्टमधले होते, चांगले पॉलिश करून घेतलेले. ती दर वेळी बरं म्हणाली. काल मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी एक बसवला. त्यासाठी तिचं बरण्यांचं फडताळ काढून ठेवावं लागलं. ती शाळेतून आली. दांडा पाहिला. फडताळ पाहिलं. बरं म्हणाली नाही.

तिने विचारलं की हे घर आहे की लिफ्टचा खड्डा. मी म्हणालो तुझ्या भल्यासाठी. त्यावर जे सुरू झालं ते मी सगळं लिहू शकत नाही. फडताळावरून सुरुवात झाली. मग मी कपाटाची दारं उघडी टाकतो ते निघालं. मग कधीकाळी फिरायला गेलो असताना मी कुणाला रस्ता विचारला नाही आणि आपण सगळे भलत्याच गावात उतरलो, ते निघालं. तेव्हा तू पण होतीस, तुझं नावही साक्षीदार म्हणून आलं. मीही ऐकून घेतलं नाही. मी तिच्या शिट्टीचं काढलं, घरातही वाजवते ती. माझा आवाज चढला. वर्षभरात माझा आवाज चढला नव्हता. घसा दुखायला लागला.

मधेच ती थांबली. ओट्याला हात टेकला. मी घाबरलो. काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली की पाय जळताहेत, उभं राहून भांडवत नाही, खुर्ची आण. मी खुर्ची आणली. ती बसली. मी उभाच होतो तर म्हणाली की मान वर करून भांडायला मानही दुखते, तूही बस. मग मी दुसरी आणली. समोरासमोर बसून आम्ही पुन्हा सुरू केलं.

आवाज ऐकून वरच्या काकू खाली आल्या. मी दार उघडलं. काय झालं, हिला काही होतंय का, असं त्या विचारत होत्या, त्यांचा चेहरा पार उतरला होता. मी सांगितलं की काही नाही, आम्ही भांडतोय. एवढं सांगताना मला हसू आलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि ते काही केल्या थांबेना. त्या बिचाऱ्या तशाच बघत राहिल्या.

तेवढ्यात आतून हाक आली, की उठून कुठे गेलास, माझं अजून संपलेलं नाही. 

मी काकूंची माफी मागितली, दार लावलं आणि आत जाऊन बसलो.

तुझा
दादा